स्वयंपाकघरातल्या रिमोटवर बैठकीतला बॉक्स: एका घरात आयआर रिपीटर बसवला त्याची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

घर औसा तालुक्यातल्या एका गावातलं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय. मी डिश, सीसीटीव्ही आणि घरातल्या टीव्ही-स्पीकरच्या वायरिंगची कामं करतो, त्यातलंच हे एक. आयआर रिपीटर म्हणजे एका खोलीत दाबलेल्या रिमोटचा सिग्नल दुसऱ्या खोलीतल्या बॉक्सपर्यंत पोचवणारं साधन.

घर दोन तुकड्यांत आहे. समोरची बैठक जुनी, माळवदाची, अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मधे अंगण. अंगणाच्या पलीकडं आरसीसीच्या तीन खोल्या, त्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेल्या, कारण किल्लारीत काय झालं ते बघितल्यावर आमच्या भागात माळवदाखाली झोपायची हिंमतच राहिली नव्हती कुणाची. तेव्हापासून झोपणं, स्वयंपाक सगळं मागं आणि बैठक आल्यागेल्याला बसायला.

घरात दोघंच. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, आणि काकू, ज्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं दोन वर्षांपूर्वी बैठकीत नवा ४३ इंची एलईडी टीव्ही घेऊन दिला आणि जुना ३२ इंची एलसीडी स्वयंपाकघरात लावला. डिशचा बॉक्स मात्र एकच, बैठकीतल्या देवळीत ठेवलेला. बॉक्सला एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र दोन टीव्हींना वाटणारा डबा, स्प्लिटरमधून एक वायर बैठकीतल्या टीव्हीला आणि दुसरी कॅट-६ वर (नेटवर्कची वायर, आत तारांच्या चार जोड्या) चालणाऱ्या एक्स्टेंडरमधून, म्हणजे चित्र लांब नेणाऱ्या डब्यांमधून, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात. हे काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं आणि चांगलं केलेलं होतं, चित्र एकदम साफ.

अडचण

चित्र स्वयंपाकघरात येत होतं पण रिमोट तिथं चालत नव्हता, चालणारच नाही. रिमोटमधून निघतो तो प्रकाशच असतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढंच, त्यालाच इन्फ्रारेड किंवा आयआर म्हणतात, आणि प्रकाश अडीच फुटी दगडातून जात नाही.

त्यामुळं काकूंना चॅनेल बदलायचं असलं की तीन पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, बैठकीचा उंबरा चढून जावं लागायचं. सांजच्याला गुरुजी देवळात हरिपाठाला जातात, काकू तेव्हा भाकरी करत असतात, म्हणजे हाक मारायलाही घरात कुणी नाही. बरेच दिवस त्यांनी चॅनेल बदलणंच सोडून दिलं होतं, जे लागलं असेल ते बघायचं. मग पावसाळ्यात अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाय घसरला. हाड मोडलं नाही पण आठ दिवस अंथरुणात होत्या. मुलाचा मला पुण्यावरनं फोन आला, म्हणला वायर-बियर काय लागंल ते लाव, पण आईला चॅनेलसाठी बैठकीत जायची वेळ येऊ देऊ नको.

एवढं स्पष्ट काम क्वचित मिळतं. घर थिएटरसारखं करायचं नव्हतं, एका बाईचं अंगणातलं येणं-जाणं थांबवायचं होतं.

कोणते पर्याय तपासले

पहिला, स्वयंपाकघराला वेगळा बॉक्स. सगळ्यात सरळ मार्ग, आणि दोघांना दोन वेगळी चॅनेल बघता येतात. पण दर महिन्याला वाढीव पैसे, डिशपासून दुसरी केबल, आणि गुरुजींनी सरळ सांगितलं की एकाच घरात दोन-दोन रिचार्ज नकोत. विषय तिथं थांबला. थांबवायला नको होता, ते पुढं येईल.

दुसरा, वायफायवरचा आयआर ब्लास्टर. बॉक्ससमोर एक छोटा डबा ठेवायचा आणि मोबाईलच्या ॲपमधून बटणं दाबायची. पुण्यातल्या मुलाला हा लई आवडला. पण काकूंकडं साधा बटणाचा फोन, हात पिठाचे, आणि बैठकीतलं वायफाय अंगणापर्यंत येईस्तोवर मरतं. ज्याला वापरायचंय त्याच्या हाताला जे सवयीचं आहे तेच द्यावं असं माझं ठाम मत आहे, आणि काकूंच्या हाताला रिमोट सवयीचा होता.

तिसरा, रेडिओवर चालणारा रिपीटर. रिमोटचा प्रकाश इकडं पकडायचा, रेडिओनं तिकडं पाठवायचा, तिकडं परत प्रकाश करायचा. वायर लागत नाही ही मोठी गोष्ट. माझ्याकडं एक जोडी होती ती लावून बघितली. कधी चाललं कधी नाही, दहातनं तीन-चार दाबणी वाया जात होती.

चौथा, वायरचा आयआर रिपीटर. तीन वस्तू असतात. एक रिसीव्हर, म्हणजे डोळा, तो स्वयंपाकघरात. एक हब, तो बॉक्सजवळ. आणि एक एमिटर, म्हणजे टिकलीएवढा आयआर एलईडी, तो बॉक्सच्या तोंडावर चिकटवायचा. काकूंनी रिमोट दाबला की डोळा ते पकडतो, वायरीतून सिग्नल हबला जातो, हब तोच सिग्नल एमिटरमधून बॉक्सला दाखवतो. बॉक्सला वाटतं रिमोट समोरच आहे. हाच घ्यायचं ठरवलं.

खरेदीच्या आधी दोन गोष्टी तपासल्या. रिमोट खरंच आयआरचा आहे का, कारण आता बरेच नवे बॉक्स आणि टीव्ही स्टिक ब्लूटूथ रिमोटवर चालतात आणि तिथं हा रिपीटर काहीच कामाचा नाही. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावायचा, रिमोटचं तोंड त्याच्याकडं करून बटण दाबायचं, जांभळट ठिपका लुकलुकला म्हणजे आयआर. लुकलुकला. दुसरं, असलेल्या एचडीएमआय एक्स्टेंडरला आयआरची भोकं आहेत का, कारण काही मॉडेलमध्ये रिमोटचा सिग्नल त्याच वायरीतून परत नेता येतो. ह्याला नव्हती. आणि त्या कॅट-६ च्या चारही जोड्या एचडीएमआयनंच घेतलेल्या, त्यामुळं त्यातली एखादी उधार घेणं शक्य नव्हतं. वेगळी वायर ओढावीच लागणार होती.

काय केलं

भिंतीला नवीन भोक पाडायला मन धजेना. दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की आतली माती भुरुभुरु निघते आणि भोक कुठं थांबेल सांगता येत नाही. मग लक्षात आलं की जुन्या केबल टीव्हीची काळी वायर अजून भिंतीतून आरपार पडून आहे, वापरात नसलेली. तिच्या एका टोकाला नवीन कॅट-६ टेपनं घट्ट बांधली आणि दुसऱ्या टोकानं गुरुजींनी हळूहळू ओढून घेतली. अंगणात पाइप टाकला, लाईटच्या वायरीपासून हातभर लांब. टोकापासून टोकापर्यंत २२ मीटर भरली.

लांबीची भीती बऱ्याच जणांना असते, ती इथं फारशी नाही. कॅट-६ च्या एका तारेचा रोध १०० मीटरला नऊ ओहमच्या आसपास, म्हणजे आपल्या २२ मीटरला जाऊन-येऊन चार ओहम, आणि डोळा खातो जेमतेम पाच मिलीअँपिअर. व्होल्टेज पडतं ते मोजायच्याही लायकीचं नाही. काळजी घ्यायची ती जोड्यांची. प्लस आणि ग्राउंड एका जोडीत घेतलं, सिग्नल आणि दुसरं ग्राउंड दुसऱ्या जोडीत, उरलेल्या दोन जोड्या मोकळ्या गुंडाळून ठेवल्या. रिसीव्हरची वायर मधे कापून जोडावी लागली, आत तीन रंगाच्या तारा निघाल्या, पण रंगावर विसंबायचं नाही, प्रत्येक किटमध्ये क्रम वेगळा असतो आणि पाच व्होल्ट चुकीच्या तारेला गेले की डोळा जातो. मीटर लावून जॅकच्या कुठल्या भागाला कुठली तार जाते ते बघितलं, मग जोडलं, रेण दिलं, म्हणजे सोल्डर केलं.

बॉक्सचा डोळा शोधणं हे ह्या कामातलं नाजूक काम. काळ्या प्लास्टिकच्या मागं तो कुठं आहे ते वरनं दिसत नाही. टॉर्च तिरपी मारली तर आत वाटाण्याएवढी घुमटी दिसते. दिसली, मग ती जागा स्पिरिटनं पुसली आणि एमिटर बरोबर तिच्यावर चिकटवला. वर काळी टेप नाही लावली, कारण बैठकीतला रिमोट सरळही चालायला पाहिजे होता. स्वयंपाकघरातला डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला, मधोमध चिकटवला. सगळे तिथंच लावतात, कारण माणूस रिमोट टीव्हीकडंच धरतो.

दुपारी दीडला जोडणी संपली. लाईट गेलेली होती, इन्व्हर्टरवर टेस्ट घेतली. काकूंच्या हातात नवीन डुप्लिकेट रिमोट दिला, त्यांनी बटण दाबलं, चॅनेल बदललं. परत दाबलं, परत बदललं. त्या काही बोलल्या नाहीत, रिमोट पदराला पुसला आणि डब्याच्या फळीवर जपून ठेवला. मी खुशीत लातूरला निघालो.

पहिली संध्याकाळ

साडेसातला गुरुजींचा फोन. "अरे बाबा, आता तर बैठकीतला रिमोट बी चालंना. कामून असं?"

हे माझ्या डोक्यात बसेना. स्वयंपाकघरातला नाही चालला तर समजतं, पण जो सरळ बॉक्ससमोर धरतात तो का बंद पडावा? दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेलो. सगळं चालू! दोन्ही रिमोट. मी म्हणलं जोड ढिला असंल, दोन्हीकडचे जोड कापून नव्यानं केले, टेस्ट घेतली, निघालो. संध्याकाळी परत तोच फोन. ह्या वेळी काकू मागून बोलत होत्या, "राहू द्या त्याला, लांबून येतंय लेकरू, मी जाईन बैठकीत." ते ऐकून मात्र रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी जोड-बीड काही बघितलं नाही, मुद्दाम सांजच्याला सहाला जाऊन बसलो. काकूंनी सहा-चाळीसला स्वयंपाकघरातला दिवा लावला. मी बैठकीत हबसमोर होतो. हबवर एक निळी बारीक बत्ती असते, रिमोट दाबला की लुकलुकते. कुणीही रिमोटला हात लावलेला नव्हता आणि ती बत्ती एकसारखी थरथरायला लागली. एमिटरसमोर मोबाईलचा कॅमेरा धरला, जांभळा ठिपका सतत चालू.

पळत स्वयंपाकघरात गेलो, डोळ्यावर तळहात झाकून धरला, आणि गुरुजींना ओरडून विचारलं बत्ती काय करायली? म्हणाले, थांबली. हात काढला. "सुरू झाली." वर बघितलं तर ओट्यावर लोंबत्या होल्डरमध्ये जुना सीएफएल.

कारण असं. रिमोटचा प्रकाश सलग नसतो, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करत येतो, म्हणून डोळ्याला उन्हातून आणि दिव्यातून रिमोट वेगळा ओळखता येतो. टीएसओपी १७३८ हा जो डोळा दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीचा, त्यातला ३८ हा आकडा त्याचाच. पण सीएफएलच्या आतलं सर्किट पण ट्यूबला असंच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करवतं, ३८ हजारांच्या आसपास येईल इतकं, आणि त्या उजेडात थोडा आयआर असतोच. डोळ्याला वाटलं कुणीतरी रिमोट दाबून धरलाय. हबनं तेच इमानदारीनं बॉक्सला सांगितलं. आणि बॉक्सच्या आतली चिप अशी बनवलेली असते की सतत गोंगाट आला की ती कान बंद करून घेते, शिवाय रिमोटच्या भाषेत मधल्या मोकळ्या जागांनाही अर्थ असतो. बऱ्याच रिमोटमध्ये असणारी एनईसी कंपनीची पद्धत घ्या, सुरुवातीला ९ मिलीसेकंद सिग्नल, मग साडेचार मिलीसेकंद शांतता, मग ३२ बिट. ती शांतताच भरून गेली तर बॉक्सनं काय समजायचं? म्हणून बैठकीतला चांगला रिमोटसुद्धा मुका झाला. अंगणापलीकडचा दिवा बैठकीतला रिमोट बंद पाडत होता, आणि मी दोन दिवस जोड तपासत होतो.

माझ्या पिशवीत ९ वॅटचा एलईडी बल्ब होता तो लावला. थरथर थांबली, रिमोट चालला. पण एक राहिलंच. टीव्ही बंद करून थोड्या वेळानं परत लावला की पहिली चार-पाच मिनिटं परत चुकारपणा. हा टीव्ही जुना एलसीडी, त्याच्या पडद्यामागं एलईडी नसून बारीक ट्यूब असतात, सीएफएलच्याच जातीच्या, आणि त्या गार असताना सुरुवातीला आयआर जास्त सोडतात, तापल्या की कमी. आणि मी डोळा त्याच पडद्याच्या कडेला चिकटवलेला. तिथून काढला, बाजूच्या डब्याच्या फळीला, टीव्हीकडं पाठ आणि काकूंच्या पाटाकडं तोंड करून लावला. त्या दिवशी नऊपर्यंत थांबलो. टीव्ही सहा वेळा बंद-चालू केला, दिवा, मिक्सर, फ्रिज सगळं चालू ठेवून. एकही दाबणी वाया गेली नाही. काकूंनी जेवूनच जाऊ दिलं.

पुढचे दहा महिने

पहिल्या महिन्यात एक बारीक तक्रार आली, लाईट गेली की स्वयंपाकघरातून चालत नाही. टेस्ट घेतली तेव्हा हब एक्स्टेन्शन बोर्डवरून इन्व्हर्टरला होता, नंतर मीच अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या प्लगला लावून गेलो आणि तो प्लग साध्या लाईनवर. बॉक्स, स्प्लिटर, एक्स्टेंडर सगळं इन्व्हर्टरवर आणि हब एकटा बाहेर. बदलून घेतलं.

एप्रिलमध्ये एमिटर गळून पडला. बाहेर ४२ डिग्री, देवळीत बॉक्सची स्वतःची गरमी वेगळी, टेपचा गोंद पातळ झाला. नवीन जाड फोमची टेप लावलीच, पण खरा उपाय म्हणजे एमिटरच्या वायरीला दोन बोटांवर एक क्लिप ठोकली, म्हणजे वायरीचं ओझं टेपवर येत नाही. स्वयंपाकघरातल्या डोळ्यावर फोडणीचा तेलकट थर बसतो, तो महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलंय, काकू अमावास्येला डबे पुसतात तेव्हा तोही पुसतात.

आणि एक गोष्ट जी वायरीची नव्हती. दिवाळीत नातवंडं आली, ती स्वयंपाकघरात बसून कार्टून लावायची आणि बैठकीत गुरुजींच्या बातम्या आपोआप उडायच्या. गुरुजींनी मला फोन केला की बॉक्स बिघडला. बॉक्स एकच, रिमोट आता दोन, म्हणजे एकानं बदललं की दोघांचं बदलणार, हे मी बसवताना मुलाला सांगितलं होतं, गुरुजींना नाही. घरात बसतात ते गुरुजी. आता त्यांनी ठरवलंय, साडेसात ते साडेआठ काकूंचं, पुढं बातम्या, आणि चाललंय. पण दोघांना खरंच वेगवेगळं बघायचं असेल तर रिपीटर हे त्याचं उत्तर नाही, दुसरा बॉक्सच लागतो, आणि पहिला पर्याय बाजूला ठेवताना मी हे दोघांसमोर बोलायला पाहिजे होतं.

काकू त्यानंतर चॅनेलसाठी अंगणात उतरलेल्या नाहीत.

परत हेच काम करायचं झालं तर

टेस्ट त्या घरात ज्या वेळी टीव्ही बघतात त्याच वेळी घ्यायची. दुपारी दीडची टेस्ट, तीही लाईट गेलेली असताना, म्हणजे घरातला एकही दिवा चालू नसताना, ती टेस्ट नव्हतीच. दोन फेऱ्या, डिझेल आणि त्या दोघांचा मनस्ताप सगळा तिथून आला.

डोळा आधी नुसता हातात धरून, खोलीतला एकेक दिवा लावत हबची बत्ती बघायची, शांत राहिली तिथंच चिकटवायचा. टीव्हीच्या कडेला तर जुना एलसीडी असेल तिथं अजिबात नाही. सकाळी चालतं आणि संध्याकाळी नाही असं कुणी सांगितलं की जोड कापायच्या आधी डोळ्यावर हात झाकून बघायचं, दहा सेकंदाचं काम आहे, मी ते तिसऱ्या दिवशी केलं.

आणि एक्स्टेंडर घेतानाच कुणी विचारलं असतं की रिमोट कुठून दाबणार, तर आयआरवालं मॉडेल आलं असतं, दुसरी वायर ओढायची गरजच नव्हती. आता मी चित्राची वायर टाकायला गेलो तरी हा प्रश्न आधी विचारतो.

आता मुलाचं म्हणणं आहे की मागच्या झोपायच्या खोलीतही एक टीव्ही लावू, गुरुजींना थंडीत बैठकीत बसवत नाही. कॅट-६ च्या दोन जोड्या मोकळ्या आहेतच, हबला दुसऱ्या डोळ्याची जागाही आहे. सामान घ्यायच्या आधी मात्र मी त्यांना सांगितलंय की एक दिवस रात्री आठला येतो, त्या खोलीत इलेक्ट्रॉनिक चोकची, म्हणजे सीएफएलसारखीच वेगानं उघडझाप करणारी, ट्यूब आहे ती लावून आधी बत्ती बघू.